परतीच्या रक्ताचे सर

हृदयाचं कोणी फार कौतुक करू लागलं की आमच्या सरांचं तोंड आंबट व्हायचं. "पंप शे तो, पंप. विहिरवरबी ऱ्हास," एवढं अहिराणीत बोलून ते हृदयाचा निकाल लावत. धमन्यांवरही त्यांची खास मर्जी नव्हती. ताजं लाल रक्त सगळीकडे पोचवायचं काम धमन्या करतात, त्याबद्दल पुस्तकात त्यांना भरपूर पानं मिळतात, तेवढं पुरे झालं, असं त्यांचं मत. त्यांचा जीव होता तो शिरांमध्ये, म्हणजे वापरून झालेलं रक्त परत आणणाऱ्या वाहिन्यांमध्ये; आणि त्यातही मेंदूतून रक्त बाहेर काढणाऱ्या शिरांमध्ये. असल्या गोष्टीवर जीव लावणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

मी धुळ्यात डॉक्टरकी शिकत होते तेव्हा सर आम्हाला शरीररचना शिकवत. उंच, थोडे वाकलेले, शर्टाचं वरचं बटण बाराही महिने उघडं. गळ्याशी काही आवळलेलं त्यांना सहन होत नसे, कारण मेंदूतलं बहुतेक रक्त मानेतल्या दोन मोठ्या शिरांमधून खाली येतं आणि तिथे अडथळा म्हणजे सरांच्या लेखी रस्त्यात बैलगाडी आडवी लावण्यासारखं. एका स्नेहसंमेलनाला आलेल्या पाहुण्यांचा घट्ट टाय पाहून ते इतके कासावीस झाले, की हार घालायच्या निमित्ताने पुढे गेले आणि बोलता बोलता त्यांनी तो सैल करून टाकला. पाहुण्यांनी भाषणात आमच्या कॉलेजातल्या आपुलकीच्या वातावरणाचा खास उल्लेख केला.

खिशात कायम निळ्या खडूचे दोन तुकडे. लाल खडूची पेटी त्यांच्या टेबलावर वर्षानुवर्षं न फोडलेली पडून असायची. त्यांच्या आधीच्या तासाला कोणी फळ्यावर लाल खडूने धमन्यांचं चित्र काढून गेलं असेल तर सर ते पुसत नसत. खाली निळ्या अक्षरात 'येथपर्यंत अर्धे' असं लिहीत आणि पुढे सुरू करत. त्यांचं आजोळ रावेरकडचं, केळीच्या बागांतलं. त्यामुळे मेंदूचं रक्तही त्यांच्या तोंडून बागेच्या भाषेतच यायचं. "पाट बठ्ठास्ले माहीत शे. पानी येस कसं, सांगता येस. पन बागमा पानी साचनं तर खोड सडस. मंग चर कोठे शे ते कोन पाहस?"

मग चर दाखवायचे. कवटीच्या आत, बरोबर भांगाच्या रेषेखाली, पुढून मागे जाणारा एक मोठा चर. मेंदूवरच्या जाड पडद्यात तो कोरल्यासारखा असतो. बाजूच्या लहान शिरा त्यात येऊन मिळतात. डोक्याच्या मागच्या बाजूला त्याचे दोन फाटे होतात, ते कानांमागून वळसा घेतात आणि मानेत उतरतात. सर हे सगळं फळ्यावर काढत नसत. पुढच्या बाकावरच्या कोणाला तरी उभं करून त्याच्या डोक्यावरच निळ्या खडूने आखत. डोक्याला तेल लावून आलं की खडू उमटत नाही, म्हणून त्यांच्या तासाला मुलं आठवणीने तेल लावून यायची.

चुकलेल्याला ते कधी रागावले नाहीत. मुलगा चुकला की त्याला 'आबा' म्हणत आणि मुलगी चुकली की 'अक्का'. फारच मोठी चूक असली तर 'अहो अक्का'. आमच्या वर्गात एवढा मान मिळणं हे कोणालाच नको होतं.

मला तो मान भरपूर मिळाला. मी हुशार मुलगी होते, म्हणजे निदान माझा तसा समज होता. मेंदूच्या बुडाशी धमन्यांचं जे कडं असतं, ते मला झोपेतून उठवलं तरी फांद्यांसकट म्हणता यायचं. तोंडी परीक्षेत मी ते म्हटलं. बाहेरून आलेले परीक्षक मान डोलवत होते. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गेलं. बरोबर गेलं. आता परत कसं येईल?"

"शिरांमधून, सर."

"कोणत्या?"

मी एक नाव घेतलं, दुसरं अर्धं घेतलं आणि मग आत्मविश्वास न सोडता म्हणाले, "आणि बाकीच्या."

"अहो अक्का," सर म्हणाले, "बाकीच्या म्हणजे बठ्ठ्याच की, सगळ्याच."

पुढची साडेचार वर्षं मला कॉलेजात सगळे 'बाकीची' म्हणत. अजूनही काही जण म्हणतात, आणि त्यातल्या एका हृदयरोगतज्ज्ञाकडे मी पेशंट पाठवणं त्यामुळेच बंद केलं आहे.

कॉलेजबाहेर सरांची कीर्ती होती ती कटिंगच्या दुकानामुळे. एका रविवारी ते दाढी करायला बसले होते. शेजारच्या खुर्चीत एक तरुण नटूनथटून बसला होता, त्याला त्या दिवशी मुलगी पाहायला पारोळ्याला जायचं होतं. त्याच्या वरच्या ओठावर एक पिकलेली पुटकुळी होती आणि कारागीर ती दाबून फोडायच्या बेतात होता. सर अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून उठले, खिशातून खडू काढला आणि त्या तरुणाच्या तोंडावर नाकाच्या वरच्या टोकापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत त्रिकोण काढला. "भाऊ, हाऊ भाग तुना नही," त्यांनी बजावलं. "आठली घान शिरमाईन डोयाना मांगे जास, तठून मेंदूमा. तठे झडपा नहीत, कोनी आडावनार नही." पाहायला निघालेल्या मुलाला एवढं शास्त्र पुरेसं होतं. तो पुटकुळी घेऊनच गेला. लग्न जमलं असं ऐकलं, पण त्यानंतर त्याने ओठांजवळ वस्तरा म्हणून येऊ दिला नाही आणि त्याची मिशी पार हनुवटीपर्यंत उतरली.

हे सगळे किस्से मी वर्षानुवर्षं रंगवून सांगत आले. नक्कलही चांगली करते. सरांनी आयुष्यात एकाही जिवंत माणसाला औषध दिलं नव्हतं, त्यामुळे आम्हा औषध देणाऱ्यांना त्यांची गंमत वाटायची. मी तर पुढे शिकून जळगावात स्वतःचा दवाखाना थाटला. भिंतीवर मोठ्या अक्षरात फलक लावला, 'बाळंतिणीस भरपूर पाणी पाजावे'. कारण आमच्या भागात अजून पुष्कळ घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात. पाणी जास्त झालं की पोट सुटतं, बाळाला सर्दी होते, असं मानतात. मी रोज दोन-चार सासवांना त्यावरून सुनावत असे. आवाज चढवून, टेबलावर बोट आपटून.

मग मी स्वतः बाळंत झाले.

सिझेरियन झालं, मुलगी झाली आणि सातव्या दिवशी मी पारोळ्याला आईकडे गेले. नवरा नरडाण्याच्या कारखान्यात इंजिनिअर, तो रविवारी यायचा. मे महिना होता. खान्देशातला मे महिना ज्याने काढला आहे त्याला वेगळं सांगायला नको. त्या उन्हाळ्यात आईने माझी खोली बंद केली, खिडक्यांना गोधड्या लावल्या, खाटेखाली शेगडी ठेवली, माझ्या कानांत कापूस घातला आणि डोक्यावरून फडकं घेऊन गळ्याशी गाठ मारली. सकाळी एक फुलपात्र ओव्याचं पाणी, संध्याकाळी एक. टेबलावर बोट आपटणारी मी खाटेवर मुकाट बसून डिंकाचे लाडू खात होते. पहिल्या दिवशी मी "आई, पाणी" म्हणून पाहिलं. आई म्हणाली, "तू व्हयनी तवय मी बी इतलंच पिनू. काय व्हयनं माले?" यावर वैद्यकशास्त्रात उत्तर आहे, पण आईसमोर ते मला कधीच आठवत नाही.

डोकं मात्र बाळंतपणाच्या चौथ्या दिवसापासूनच दुखत होतं. त्याचं निदान मी ताबडतोब केलं. सिझेरियनच्या वेळी पाठीत स्पायनलची सुई देतात, तिच्या जागेतून मणक्यातलं पाणी थोडं झिरपलं की असं डोकं दुखतं. उठून बसलं की दुखतं, आडवं झालं की थांबतं. माझं अगदी तसंच होतं. आडवं राहायचं, चार दिवसांत जातं. निदान बरोबर होतं हे मी आजही ठासून सांगते.

फक्त पुढे दुखणं बदललं आणि मी निदान बदललं नाही. डोकं दुखायचं थांबणं सोडाच, ते जड होत गेलं. मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपू लागले. बाळाला उचलायला वाकले की डोळ्यांसमोर क्षणभर अंधार यायचा. हा अशक्तपणा, असं मी ठरवलं. बाळाच्या टोपड्याचे बंद उजव्या हाताने बांधता येईनात. ही झोपेची कमतरता. डॉक्टरला स्वतःसाठी कारणं कमी पडत नाहीत. दुसऱ्या कोणी बाईने मला हे सगळं सांगितलं असतं, तर मी तिला त्याच दिवशी दाखल केलं असतं. निदान मी स्वतःला तसं सांगत असते.

पंधराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास सर आले. धुळ्याहून एरंडोलला बहिणीकडे निघाले होते. माझ्या नवऱ्याने कधीतरी फोनवर मुलगी झाल्याचं सांगितलं होतं, तर वाटेत बाळ पाहून जावं म्हणून थांबले. सोबत पाच डझन केळी आणली होती. केळी थंड, म्हणून आईने ती दारातूनच शेजारच्या घरी पाठवून दिली आणि सरांना खोलीच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसवलं.

त्यांनी बाळाकडे जेमतेम पाहिलं. माझ्याकडे बघत राहिले.

"बसून का आहेस?"

"बसलं की बरं वाटतं, सर. स्पायनलचं डोकं दुखतंय."

"आडवी हो."

मी आडवी झाले.

"आता?"

"वाढलं."

"ऊठ. बस. आता?"

"कमी आहे."

त्यांनी मला दोनदा निजवलं, दोनदा उठवलं. आई दारात उभी राहून हा प्रकार पाहत होती. मग सरांनी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि अगदी परीक्षेतल्या आवाजात विचारलं, "स्पायनलचं डोकं कसं दुखतं, अक्का?"

"उठल्यावर वाढतं आणि आडवं झाल्यावर थांबतं," मी म्हणाले. पाठ असलेलं उत्तर आलं याचा मला आनंदही झाला.

"आणि तुमचं?"

हे 'तुमचं' म्हणजे 'अहो अक्का'च होतं. माझं बरोबर उलटं होतं. कधीपासून उलटं होतं तेही मला सांगता येईना, कारण मी स्वतःला पुन्हा विचारलंच नव्हतं. आडवं झाल्यावर डोक्यातलं रक्त खाली उतरायला आधीच कमी मदत मिळते. त्यात वाटच बंद असेल तर दाब वाढतो. सरांनी हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. मी त्या दिवशी हजर होते.

सर आईकडे वळले. "माय, पानी कितलं देतस हिले?"

"सकायले एक फुलपात्र, संध्याकायले एक. बायतीनले जास्त पानी चालस नही, भाऊ."

"मंग तुम्हीबी आजपाईन तितलंच प्या. ह्या उन्हायामा. चार दिन."

सर स्वतः उठून स्वयंपाकघरात गेले, तांब्याभर पाणी घेऊन आले आणि माझ्या हातात दिलं. उजव्या हातातून तो तांब्या निसटला. पाणी शेगडीवर सांडलं, धूर झाला, बाळ रडायला लागलं. सरांनी दुसरा तांब्या आणला आणि या वेळी तो स्वतः माझ्या तोंडाला लावला. त्याच हाताने माझ्या गळ्याशी असलेली फडक्याची गाठ सोडली.

"धुळ्याला जायचं. आत्ता."

"सव्वा महिना व्हयना नही," आई म्हणाली. "मी उंबरा वलांडू देवाव नही."

"माय," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, "बायतीननं रक्त घट्ट ऱ्हास. देवनीच तशी सोय करेल शे, बाई वाही जावाले नको म्हनीसन. त्यामा तुम्ही पानी तोडं. आते ते डोकामा गोठनं व्हई, तर सव्वा महिना कोन मोजी? तुम्हीबी चाला. पोरले बी लई ल्या."

आईने बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि आधी जाऊन सरांच्या गाडीत बसली.

सर गाडी फार वाईट चालवत. त्या दिवशी ती त्यांनी इतकी हळू चालवली की सायकली आमच्या पुढे जात होत्या. मला टेकून बसवलं होतं आणि दर दोन मिनिटांनी "मान वाकडी करू नकोस" अशी सूचना होत होती. मला त्यांचा राग येत होता. हे खोटं ठरावं असं फार वाटत होतं, आणि ते खोटं ठरणारच असं मी मनाशी धरून चालले होते.

धुळ्यातल्या एका खासगी दवाखान्यात डोक्याचा साधा स्कॅन झाला. तिथला तरुण डॉक्टर आमच्याच कॉलेजचा. तो हसतच बाहेर आला. स्कॅन नॉर्मल. अर्धशिशी असेल मॅडम, गोळ्या देतो, घरी जा.

मी सरांकडे असं पाहिलं की जणू मी परीक्षा जिंकले. आईने लगेच पिशवी उचलली. बाळ भुकेने रडत होतं, माझा जीव तिच्यात अडकला होता, आणि समोर घरी जायचा कागद होता. मी त्याच्यावर सही केली. सही फारच वाकडी आली, तेही माझ्या लक्षात आलं नाही.

"हा नुसत्या बागेचा फोटो झाला," सर डॉक्टरला म्हणाले. "शिरांचा काढा. हातातून औषध सोडून."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "सर, परत सुरू झालं का तुमचं?"

हे 'परत' काय होतं ते मला सांगायलाच हवं. सांगायला बरं वाटत नाही म्हणून इथपर्यंत टाळत आले.

मी शिकाऊ डॉक्टर म्हणून वॉर्डात होते तेव्हा सर दुपारी बाळंतिणींच्या वॉर्डात फिरायला येत. त्यांचा तिथे काहीच संबंध नव्हता. हातात पाण्याची बाटली घेऊन प्रत्येक खाटेपाशी थांबायचे आणि डोकं दुखतं का म्हणून विचारायचे. एकदा शिंदखेड्याकडच्या एका बाईचं डोकं दुखत होतं. सरांनी हट्ट धरून तिच्या शिरांचा फोटो काढायला लावला. डोक्यात गाठ आहे, अशी बातमी नातेवाइकांत पसरली. रडारड झाली, माणसं गाड्या करून आली. फोटोत काहीही निघालं नाही. नातेवाईक माझ्यावर धावून आले, कारण समोर मी होते. याआधीही दोन-तीनदा असंच झालं होतं. मी संध्याकाळी बसून एक अर्ज लिहिला, की शरीररचना शिकवणाऱ्या शिक्षकांनी वॉर्डात ढवळाढवळ करू नये. चांगल्या अक्षरात लिहिला, परिच्छेद पाडून. खाली आम्ही सात जणांनी सह्या केल्या, पहिली माझी. पुढच्या सोमवारपासून सरांना वॉर्डात येण्याची बंदी झाली. मुलं त्यावर खूप हसली. त्यात मीही होते.

आता त्याच सरांना त्यांच्याच विद्यार्थ्याने, माझ्यासमोर, 'परत' म्हणून विचारलं होतं. ते वाद घालत बसले नाहीत. त्यांना वाद घालता यायचाच नाही. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि स्कॅनच्या खोलीच्या दाराला पाठ लावून फरशीवर बसले. पाय लांब केले. आतला पेशंट बाहेर येऊ शकेना, बाहेरचा आत जाऊ शकेना.

"सर, उठा ना," मी म्हणाले. "लोक बघतायत." मला खरोखर लाज वाटत होती. माझा जीव जायची वेळ आली होती आणि मला लाज वाटत होती ती लोकांची.

"शिरांचा फोटो," सर म्हणाले. बाकी काही नाही.

पाऊण तासाने कंटाळून डॉक्टरने तो काढला. हातातून औषध सोडलं की शिरा फोटोत पांढऱ्या दिसतात. भांगाखालून जाणारी पांढरी वाट पुढे थोडी दिसत होती आणि मग नव्हती. उजव्या कानामागचा फाटाही नव्हता. गुठळीने दोन्ही बुजले होते. त्या तरुण डॉक्टरने माझ्या सहीचा कागद फाडून टाकला. बिचाऱ्याला मी दोष देत नाही. साध्या स्कॅनमध्ये हे पुष्कळदा दिसतच नाही, मुद्दाम शोधावं लागतं. मीही त्याच्या जागी तेच केलं असतं. त्याच्या जागी कशाला, माझ्या स्वतःच्या जागी मी तेच केलं होतं.

त्याच संध्याकाळी मला झटका आला. आधी उजवा अंगठा, मग हात, मग मला काही आठवत नाही. सही केल्याप्रमाणे घरी गेले असते, तर त्या वेळी मी पारोळ्याच्या खोलीत बाळाला मांडीवर घेऊन बसलेली असते. गंमत करायची माझी सवय इथे मी थोडी बाजूला ठेवते.

दुसऱ्या दिवशीच्या फोटोत मेंदूत थोडं रक्तही सांडलेलं दिसलं. आणि डॉक्टरांनी रक्त गोठू न देणारं औषध चालूच ठेवलं. हे ऐकून आई चवताळली. "डोकामा रक्त सांडेल शे आनि हाई लोक रक्त पातय करतस? मारी टाकतस का मनी आंडेरले, मनी पोरले?" तिथल्या डॉक्टरांनी दोनदा समजावलं, तिला पटेना. तेव्हा सर तिच्या शेजारी बाकावर जाऊन बसले.

"माय, मोरी तुंबनी तर पानी कोठे येस?"

"घरमा येस."

"मंग तुम्ही घरमधलं पानी पुसत बसतस, का आगोदर मोरी मोकयी करतस?"

आईने थोडा विचार केला. "मोरी," ती म्हणाली.

"तेच करी ऱ्हायनात त्या."

आईला ते पटलं. मात्र त्या बाकावर ती दिवसभर पाणी न पिता बसली, हे मला नर्सने नंतर सांगितलं. ती स्वतःला शिक्षा करत होती. सरांनीच तिला तांब्या आणून दिला.

मी वाचले. हात हळूहळू ताळ्यावर आला. शब्द मात्र काही आठवडे हरवत होते. मी चमच्याला कंगवा म्हणायचे आणि नवऱ्याला एकदा 'खिडकी' अशी हाक मारली, तेव्हा तो लगेच "ओ" म्हणाला. आई आता आमच्या गल्लीत कोणी बाळंत झालं की बोलावलं नसताना जाते आणि तिथल्या बायकांशी पाण्यावरून भांडते. माझ्यापेक्षा तिचं लोक जास्त ऐकतात.

आणि मी सरांचा महिमा सांगत सुटले. दवाखान्यात, लग्नांत, डॉक्टरांच्या बैठकांत. सरांनी उंबऱ्यावरूनच ओळखलं, सरांची नजरच तशी, सरांना आधीच कळलं होतं. जळगावात त्यांना जवळजवळ देव करून टाकलं मी. अर्जाचं मात्र कोणाजवळ काढलं नाही.

सर निवृत्त होऊन एरंडोलला बहिणीकडे राहायला गेले. ते वारले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी मुलीला घेऊन भेटायला गेले. ती पाच वर्षांची झाली होती. सर ओट्यावर उन्हात बसले होते, खूप वाळले होते. मुलीने त्यांच्या हातावरच्या फुगलेल्या शिरा बोटाने दाबून पाहिल्या आणि ते खूश होऊन दुसरा हातही पुढे करून बसले. मला वाटलं, आज बोलले नाही तर राहून जाईल.

"सर, तुमच्या वॉर्डबंदीचा अर्ज मी लिहिला होता."

"माले माहीत शे," ते म्हणाले. "तुनं अक्षर मी वळखस. पेपर तपासेल शेत तुना."

मी माफी मागायला लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं. "अर्ज बरोबर व्हता. त्या बाईले काहीच नव्हतं. तिना घरना लोक किती रडनात."

"पण माझ्या वेळी तर तुम्हाला कळलं ना, सर? मला पाहताक्षणीच?"

"नही वं माय. त्या बाईनी येयले जितली शंका व्हती, तितलीच तुनी येयले व्हती. चुकसू असंच वाटे."

एवढी वर्षं मी त्यांच्या नजरेच्या गोष्टी सांगत होते, आणि हा माणूस सगळ्यांसमोर फरशीवर बसला होता तो आपण पुन्हा हसं करून घेणार असं धरून.

"आणि फोटोत काही निघालं नसतं तर?" मी विचारलं.

"तर काय," सर म्हणाले आणि मनापासून हसले. "तू आखो एक अर्ज लिखती."

मी लिहिला असता. अक्षरही चांगलं काढलं असतं.